पाचजणींचं मशीन

गेल्या वर्षी भर पावसात फणीधरने पदुमीचं चहाचं पान रस्त्याकडेला ओतलं, तिथून या सगळ्याला सुरुवात झाली.

ओतलं ते काही रागाने नाही. फणीधर चेतिया तसा हसतमुख माणूस. नाहरतलीच्या तिठ्यावर त्याचा छोटा ट्रक उभा असतो, मागे काटा टांगलेला. आजूबाजूच्या बारक्या बागांचं पान तो तोलून घेतो आणि चहाच्या कारखान्यात पोचवतो. त्याने पदुमीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर पान वर काढलं आणि एकेक देठ वाकवून पाहिला. कोवळा देठ वाकतो, जून देठ मोडतो. सगळे मोडतच गेले.

"बाइदेउ, हे पान नव्हे, सरपण आहे," तो म्हणाला. पदुमी त्याच्याहून मोठी, म्हणून बाइदेउ म्हणजे ताई म्हणण्याची रीत त्याने पाळली, पण पोतं काही घेतलं नाही. कारखान्याच्या फाटकातून ट्रक परत आला तर त्याचं डिझेल कोण भरणार, असं म्हणून त्याने पोतं उलटं केलं. मागे रांगेत उभी असलेली माणसं आपापल्या पोत्यांकडे बघत राहिली. पदुमीने पान तिथेच टाकलं. चहाचं पान गुरंसुद्धा तोंडात धरत नाहीत, मग घरी नेऊन करायचं काय?

पान जून का झालं, हे न कळण्याइतकी ती दुधखुळी नव्हती. पावसाळ्यात चहाला आठवड्याला फूट येते. ती वेळेवर खुडली तर सोनं, चार दिवस चुकली तर पाचोळा. आणि खुडायला माणूस मिळत नव्हतं. पूर्वी मोठ्या मळ्यांच्या चाळींतल्या बायका सुट्टीच्या दिवशी सायकलवर टांग मारून तिच्याकडे यायच्या. आता मोठे बागवाले त्यांना दारातून गाडीत घालून नेतात आणि दुपारचं जेवण घालतात. पदुमीच्या एवढ्याशा तुकड्याकडे कोण येणार? ती, तिची म्हातारी सासू आणि उरलासुरला वेळ असेल तर नवरा भद्र, एवढीच माणसं पाठीला टोपल्या बांधून ओळीत शिरायची. एका टोकाची खुडणी संपेपर्यंत दुसऱ्या टोकाचं पान हाताबाहेर गेलेलं असायचं. पाच बोटांना चीक लागून काळे चिरे पडले होते, आणि रात्री भात कालवताना ते झोंबायचे.

हिवाळ्यात शाळेच्या पटांगणात चहाच्या कार्यालयातले लोक आले आणि खुडणीच्या मशीनबद्दल सांगून गेले. दोघांनी दोन बाजूंनी धरायचं, मध्ये कमानीसारखं पातं, मागे लांबलचक पिशवी. अर्धी किंमत सरकार देणार, पण एकट्याला नाही, छोट्या बागवाल्यांच्या गटाला. आपला अर्धा वाटा भरून मशीन घरी न्यायचं. मग अधिकारी येऊन ते तुमच्याच बागेत, तुमच्याच हातांनी चालताना बघणार, फोटो काढणार, तेव्हा सरकारचा अर्धा वाटा दुकानदाराला जाणार. चालताना दिसलं नाही तर दुकानदार मशीन उचलून नेणार, आणि तुम्ही भरलेलं त्याच्याकडेच राहणार.

गावातल्या पुरुषांनी गट करायचा म्हणून तीनदा बैठक घेतली. तिन्ही वेळा तामूल-पान, म्हणजे सुपारी आणि विड्याचं पान, खाल्लं, मशीन पहिल्यांदा कोणाच्या बागेत जाणार यावर भांडले आणि उठले. चौथ्या बैठकीची वाट न बघता पदुमीने आपल्या आळीतल्या चार बायका गोळा केल्या. बिहूतीने दोन्ही डुकरं विकली. केतेकीने मुलीच्या लग्नासाठी विणून ठेवलेली रेशमी मेखला-चादर विकायला काढली. बाकीच्या दोघींनी बदकं विकली, आणि पदुमीने सुपारीचं सगळं पीक झाडावर असतानाच व्यापाऱ्याला देऊन टाकलं. भद्रने हे ऐकलं तेव्हा तो बांबू सोलत होता. सोलता सोलताच त्याने विचारलं, की या मशीनला नवरा लागतो की तेही बायकाच बघणार?

"तेल घालायला लागेल एखादा," पदुमी म्हणाली.

मशीन आलं. केशरी रंगाचं, चकचकीत. आळीतली पोरंटोरं दिवसभर अंगणात बसून होती. बोहाग महिन्यातला, म्हणजे वैशाखातला, बिहूचा सण आटपला, पहिली फूट हाताला लागली, आणि पाचही जणी मशीन घेऊन पदुमीच्या बागेत शिरल्या. एका बाजूला पदुमी, दुसऱ्या बाजूला बिहूती, कारण दोघी उंच आणि खांद्याला खांदा जुळणाऱ्या. मागे पिशवीचं शेपूट धरून बुटकी केतेकी. दोरी ओढली, मशीन भडभडलं, धूर निघाला, आणि बघायला जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या पहिल्या ओळीपर्यंतच टिकल्या. मशीन एकाच उंचीवरून सरळ जात होतं, झाडं मात्र सरळ नव्हती. कुठे पातं हवेतच फिरायचं आणि कोवळी फूट तशीच राहायची, तर कुठे ते झाडाच्या गाभ्यात शिरून काड्या, जुनी पानं, पाखराचं घरटं, सगळं पिशवीत भरायचं. पिशवी उलटी केली तेव्हा अंगणात चहा कमी आणि केरच जास्त पडला. फणीधर तिथेच होता. तो नुसता केराकडे आणि मग रस्त्यावर उभ्या ट्रकच्या काट्याकडे बघून हसला. त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकानातला कारागीर आला. मशीन त्याने उघडलंही नाही. बागेच्या टोकाला उभा राहिला, एक डोळा मिटून ओळींवरून नजर फिरवली आणि विचारलं, की या ओळी कोण खुडतं?

तेव्हा कुठे पदुमीच्या लक्षात आलं. प्रत्येक बाई झाड खुडते ते आपापल्या कमरेच्या मापाने. सासू वाकलेली, तिच्या ओळी गुडघ्याच्या थोड्या वर. पदुमी उंच, तिच्या ओळी तशाच चढत गेलेल्या. भद्र आळशी, तो वाकायचाच नाही, त्याच्या ओळी तर छातीला लागायला निघालेल्या. वीस वर्षांत सगळं घर त्या झाडांवर उमटलं होतं आणि कोणालाच ते दिसलं नव्हतं.

"झाडं तुमच्या मापाची आहेत," कारागीर म्हणाला. "मशीनच्या मापाची करा. सगळे माथे एका रेषेत छाटा. मग फूट एकसारखी येईल."

म्हणजे ऐन बोहागात, पहिली फूट हातातोंडाशी आलेली असताना, हिरवीगार बाग कापून काढायची. पान विकायचं तर सोडाच, दोन महिने खुडायलाही काही राहणार नाही. बिहूती म्हणाली, आपण खुळ्या झालो आहोत. केतेकी म्हणाली, खुळ्या तर डुकरं विकली तेव्हाच झालो, आता अर्ध्यावर कशाला शहाणं व्हायचं? पदुमी उठली. तिने दोन बांबू रोवले, त्यांना सुतळी ताणून बांधली आणि सुतळीच्या वरचं सगळं छाटायला घेतलं. सासऱ्याने स्वतः लावलेली ती झाडं. सासू ओसरीवर बसून बघत होती. ती रडली नाही, पण दोन दिवस सुनेशी बोललीही नाही.

मग गावाला विषय मिळाला. बाग बोडकी केली, कोण मेलं म्हणायचं, असं नामघराच्या, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराच्या, पायरीवर बसून लोक विचारायचे. चालत्या सायकलवरून कोणीतरी ओरडायचं, की न्हावीण बाई, माझीही हजामत करता का? भद्र तर दोन आठवडे तिठ्यावर गेलाच नाही. पदुमी मात्र रोज सकाळी उठून बागेतून फिरून यायची. करड्या काड्यांवर आधी फुगीर टिंबं आली, मग टोकं, मग पोपटी बोटं. पहिली वाढ तिने सुतळीच्याच रेषेत हाताने खुडून सारखी केली. आहार महिना लागला, म्हणजे आपला आषाढच, आणि पावसाने झोडपायला सुरुवात केली तेव्हा बागेवर अशी एकसारखी फूट आली की एखादी परात ठेवली असती तर हलली नसती. आता कोणी न्हावीण म्हणत नव्हतं. पण मशीनखाली हे पान कसं उतरतं, ते अजून कोणीच पाहिलं नव्हतं.

आणि नेमका त्याच दिवसांत अधिकाऱ्याचा फोन आला. बरठाकूर नावाचे साहेब होते. या भागातली सगळी मशीनं एका फेरीत बघायची आहेत, नंतर कार्यालयाचा हिशेब बंद, पुन्हा येणं नाही, असं त्यांनी सांगितलं आणि दिवस विचारला. पदुमीने बोटं मोडून मोजलं. मध्ये अमेती येत होती.

अमेतीत धरणी बाजूला बसते. त्या दिवसांत जमिनीत नांगर जात नाही, कुदळ लागत नाही, झाडाला पातं लागत नाही. म्हाताऱ्या बायका चुलीवरचं काही खात नाहीत, फळांवर राहतात. दहाव्या आहाराला ती सुटते हे शेंबडं पोरही जाणतं. म्हणून पदुमीने साहेबांना तोच दहावा दिवस दिला आणि सकाळीच या म्हणाली, म्हणजे दुपारच्या पावसाआधी काम उरकेल.

आदल्या संध्याकाळी सासू नामघरातून आली आणि पाय धुता धुता म्हणाली, की यंदा अमेती दुपारी लागली होती, तेव्हा सुटेलही दुपार कलल्यावर. पदुमीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिने साहेबांना फोन लावला, पुन्हा लावला, भद्रला उंबराखालच्या चढावर जाऊन लावायला सांगितला. साहेब कुठल्या खोऱ्यात होते देव जाणे, फोन लागलाच नाही.

सकाळी बरठाकूर साहेब आले ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. गाडी चिखलात लांबच उभी करून चालत आले होते. उन्हाने आणि उपाशी पोटाने माणूस आधीच वैतागलेला. त्यात चहाच्या बागवाल्याच्या घरी चहा मिळाला नाही. समोर आलं ते अननस आणि भिजवलेले मूग. त्यांनी एक फोड तोंडात टाकली आणि मशीन बाहेर काढायला सांगितलं. एक ओळ चालवा, मी फोटो घेतो, झालं, म्हणाले.

मशीन ओसरीवर पाटावर ठेवलं होतं, वर गोणपाट.

"साहेब, दुपार कलेपर्यंत थांबावं लागेल," पदुमी म्हणाली. "अमेती आहे."

"तुम्हीच ना मला सकाळी या म्हणालात?"

"मीच म्हणाले. माझी मोजणी चुकली."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "बाइदेउ, सरकारी कॅलेंडरात अमेती नाही."

"मग चुलीत घाल ते कॅलेंडर," आतून सासू म्हणाली. "पण आज चूलही बंद आहे."

सगळी आळी म्हातारीला आइता म्हणायची, म्हणजे आजी, आणि कोणाशी कसं बोलावं याचा विचार आइताने कधीच सोडून दिला होता. साहेबांचं तोंड हसायला गेलं आणि अर्ध्यातच थांबलं. त्यांना अजून दोन गावं करायची होती. त्यांनी आवाज खाली आणला. म्हणाले, एकच ओळ तर आहे, कोण बघतंय? मोठ्या मळ्यांत या दिवसांतही खुडणी चालूच असते, तिथे काही धरणी दुभंगली नाही.

हे पदुमीला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर तिच्या मनात रात्रीपासून हेच घोळत होतं. आइताचा राग ती आयुष्यभर सोसत आली होती, आणखी एक सोसला असता. देव तिचा काही सावकार नव्हता. पण कुंपणाशी बिहूती उभी होती, हाताची घडी घालून. बिहूतीची सून पोटुशी होती, सहावा महिना. उद्या तिला काही झालं तर जग म्हणेल ते म्हणेल, बिहूती स्वतःला काय म्हणेल?

"तू आत्ता दोरी ओढलीस तर मी दुसरी बाजू धरणार नाही," बिहूती म्हणाली. "आज नाही आणि पुढेही नाही. डुकरं गेली तर गेली."

पदुमीने तिच्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. तिच्या छातीत असा राग दाटला होता की तो कोणावर काढावा तेच तिला कळेना, आणि त्यातला बराचसा स्वतःवरच होता. पण एका हाताने मशीन उचलतच नाही, ही गोष्ट तिला आता या केशरी धुडानेच शिकवली होती.

"पाचजणींचं मशीन आहे, साहेब," ती म्हणाली. "पाचीजणी हो म्हणतील तेव्हा चालेल. दुपार कलली की हो म्हणतील."

साहेब उठले. परत येताना उजेड असेल तर थांबेन, नसेल तर जे पाहिलं ते लिहीन, एवढं सांगून गेले. आणि त्यांनी पाहिलं होतं काय, तर गोणपाट.

तो दिवस पदुमीने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. चूल नाही, बाग नाही, माग नाही. रिकाम्या हातांनी ती आतबाहेर करत राहिली. हवा कोंडली होती. पाठीवरून घाम ओघळत होता आणि नदीच्या अंगाला ढग चढत होते. बागेत पान उभं होतं, आज खुडलं तर अगदी वेळेवरचं. दोन दिवसांनी तेच पान फणीधर बोटांत धरून सरपण म्हणाला असता. तिच्या मनात आलं, की मशीन गेलं तर या चौघी मला काही बोलणार नाहीत. त्या गप्पच राहतील. उरलेलं आयुष्य विहिरीवर त्या गप्प बायकांच्या शेजारी उभं राहून पाणी भरायचं, याची तिला मनापासून भीती वाटली.

दुपारी फणीधर ट्रक घेऊन आला. दहा घरी फिरून त्याला बातमी लागलीच होती. अमेतीत पान नाही मिळायचं हे ठाऊक असूनही तो आला होता, म्हणजे गंमत बघायलाच. गोणपाटाकडे बोट करून त्याने विचारलं, "मशीनही बाजूला बसलंय म्हणे?"

"बसलंय," केतेकी म्हणाली. "पण ते चार दिवसांनी न्हाऊन उठतं. तुझा काटा बारा महिने बिघडलेला असतो, त्याचं काय?"

यावर भद्रसुद्धा हसला. बाग छाटल्यापासून तो पहिल्यांदाच लोकांत उघड हसला असेल.

सूर्य ढगाआड कुठे होता ते दिसत नव्हतं, पण नामघरातला नगारा वाजला आणि अमेती सुटली. आळीतल्या प्रत्येक घरातून एकदम पाण्याचे आवाज सुरू झाले. उंबरे, पाट, कोयते, मागाच्या काठ्या, नांगर, सगळं धुवायचं असतं. पदुमी विहिरीवरून घागर घेऊन येते न येते तोच तिला दिसलं, की आइताने गोणपाट बाजूला केलं आहे आणि तुळशीची पानं टाकलेला पाण्याचा तांब्या मशीनवर, थेट त्याच्या डोक्यावर, मनोभावे ओतते आहे. एक तांब्या झाला होता, दुसरा चालू होता.

"आई, अहो," एवढंच पदुमीच्या तोंडून निघालं.

"नव्या वस्तूला चांगलं धुवावं," आइता म्हणाली. "चार दिवसांचा विटाळ आहे त्याच्या अंगावर."

बिहूती धावत आली, न्हालेली, ओल्या केसांनी. तिने आपली बाजू धरली, पदुमीने दोरी ओढली. मशीन खोकलं. पुन्हा ओढली, तर खोकलंही नाही. पदुमीचा खांदा भरून आला. बिहूतीने ओढली, केतेकीने ओढली, भद्रने पाय रोवून ओढली. आतून नुसतं पाणी ठिबकत होतं. कुंपणापलीकडे माणसं गोळा होऊ लागली. फणीधर ट्रकला टेकून तामूल चघळत होता. आणि बांधावरून गाडीचा भोंगा वाजला. बरठाकूर साहेब परत आले होते. उजेड होता, पण संपत आलेला.

भद्र मशीनपाशी उकिडवा बसला. त्याने पान्याने इंजिनातला प्लग काढला, धोतराला पुसला आणि फुंकर मारली. मग मान हलवली. आतपर्यंत ओलं आहे, म्हणाला, शेकल्याशिवाय ठिणगी पडायची नाही.

शेकायचं कशावर? चूल तेव्हा नुकती पेटली होती. अमेतीनंतरची पहिली आग. तिच्यावर आधी देवाचा नैवेद्य शिजतो, मग घराचं काही. आइताच्या हयातीत त्या आगीला दुसऱ्या कशाचा स्पर्श झाला नव्हता. पदुमी हातात तो काळा, तेलकट प्लग घेऊन दारात उभी राहिली. आत जायचं धाडस तिला होईना. आइता चुलीपुढे बसली होती. तिने सुनेच्या हाताकडे पाहिलं, बाहेर ताटकळलेल्या बायकांकडे पाहिलं, मग ओल्या मशीनकडे. आपण काय करून बसलो ते म्हातारीला बरोबर कळलं होतं. तिने नैवेद्याचं भांडं चुलीवरून उतरवलं आणि बाजूला ठेवलं.

"आण इकडे," ती म्हणाली. "आधी त्याला शेक. देव काही कुठे पळून जात नाही, साहेब जाईल."

चिमट्यात धरून तिनेच तो निखाऱ्यावर शेकला. भद्रने फडक्यात गुंडाळून तो पळत नेला, जागेवर पिळला. पदुमीने एक पाय बांधाला लावला आणि उरलंसुरलं सगळं बळ दोरीत घातलं.

मशीन भडकून उठलं. असा आवाज केला की कुंपणावरचे बगळे उडाले.

पदुमी आणि बिहूती ओळीच्या दोन्ही अंगांना लागल्या. दोघींचे खांदे सारखे, पावलं सारखी. पातं हिरव्या माथ्यावर टेकलं आणि पुढे सरकू लागलं. आणि या खेपेला ते कुठे हवेत फिरलं नाही की कुठे गाभ्यात शिरलं नाही. कोवळं पान सरसर सरसर उडून मागे पिशवीत जात होतं, दोन पानं आणि कळी, दोन पानं आणि कळी, आणि मागे उरत होती ती साफ, चपटी, गर्द ओळ. पेट्रोलच्या धुराला ताज्या चिरलेल्या चहाचा वास चढला. पिशवी फुगली, फुगत गेली. केतेकी बिचारी बुटकी, शेपूट तिच्याच्याने आवरेना. फणीधर ओळीच्या अगदी टोकाला उभा होता.

"बघतोस काय, धर की," केतेकी त्याच्यावर खेकसली. आणि तामूल गालात तसंच ठेवून फणीधर चेतियाने पाचजणींच्या पिशवीचं शेपूट धरलं. धरावंच लागलं, नाहीतर चांगलं पान चिखलात गेलं असतं आणि तेवढं कळण्याइतका तो धंद्यातला माणूस होता. कुंपणावर कोणीतरी शिट्टी मारली. ओळ संपल्यावर पिशवी उलटी केली, त्याने ढिगात हात घातला, खालचं वर केलं, पुन्हा खाली घातलं. मग तो ट्रककडे गेला आणि ट्रक मागे घेत घेत थेट पदुमीच्या फाटकाला आणून लावला. इतक्या वर्षांत त्या फाटकाला ट्रक लागला नव्हता. पदुमीला हसू आलं आणि रडूही आलं. मशीन हातात असल्याने तिला दोन्ही पुसता आलं नाही.

बरठाकूर साहेबांनी फोटो काढले. समोरून काढले, बाजूने काढले, पानाच्या ढिगाचा काढला, आणि आइता डोक्यावर पदर घेऊन ओसरीच्या पायरीवर येऊन उभी राहिली तेव्हा तिचाही एक काढला. मग फोनवर बोटं चालवली आणि मान वर केली. सकाळचा वैताग कुठल्या कुठे गेला होता.

"झालं, बाइदेउ," त्यांनी मशीनच्या आवाजावरून ओरडून सांगितलं. "पास आहे. मशीन तुमचं. आता बंद करा."

पदुमीने ऐकलं. बिहूतीनेही ऐकलं. तिच्या ओल्या केसांवर पानांचा चुरा चिकटला होता आणि ती, जन्मात कधी दात न दाखवणारी बाई, तोंडभर हसत होती. पावसाचे पहिले चार थेंब पडले. दोघींनी ओळीच्या टोकाला मशीन उचललं आणि जागच्या जागी वळवलं.

"तुमचं झालं असेल, साहेब," पदुमी म्हणाली. "आमचं पान अजून उभं आहे."

आणि दोघींनी पातं पुढच्या ओळीवर टेकवलं.